मुलगा फटफटी मागतो तेव्हा

मुलाने अठरा वर्षे पुरी केली, महाविद्यालयात नाव घातले किंवा पहिली नोकरी धरली, की पुष्कळ घरांत एके दिवशी रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो प्रश्न निघतोच : "बाबा, मोटारसायकल कधी घ्यायची?" आईच्या हातातली पोळी क्षणभर तव्यावरच राहते. वडील मनातल्या मनात आकडे मांडू लागतात. धाकट्या बहिणीने तर मागे बसून पहिली फेरी कोठवर मारायची हेही ठरवून टाकलेले असते. आणि हल्ली हा प्रश्न मुलगाच विचारील असेही नाही. कित्येक घरांत तो मुलगीच आधी विचारते.

मग चर्चा सुरू होते ती गाडीच्या किमतीची, पेट्रोलच्या भावाची, रंगाची आणि वेगाची. विम्याचा विषय बहुधा सर्वांत शेवटी, दुकानदाराने हिशेबाचा कागद पुढे सरकवल्यावर निघतो. "हे विम्याचे," असे म्हणून तो एका आकड्यावर बोट ठेवतो, आपण मान हलवतो आणि सही करतो. त्या आकड्याच्या पोटात काय आहे, काय नाही, याची चौकशी करण्याइतका धीर त्या वेळी कोणालाच नसतो. वाचकहो, तीच चौकशी आज आपण येथे निवांतपणे करू या.

म्हैसूर आणि मोटारसायकल

या चौकशीसाठी म्हैसूरसारखे दुसरे गाव शोधून सापडणार नाही. चंदन, रेशीम आणि दसरा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराचे मोटारसायकलशी जुने नाते आहे. यादवगिरी भागात मुंबईच्या इराणी मंडळींनी 'आयडियल जावा' हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथे चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने अडीचशे घनसेंटिमीटर इंजिनाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून 'येझदी' निघाली. तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून ओळखणारी माणसे महाराष्ट्रातही गावोगाव होती. कारखाना १९९६ साली बंद पडला, परंतु त्या गाड्या जिवापाड जपणारी कुटुंबे म्हैसुरात अजून आहेत. जावा हे नाव २०१८ साली पुन्हा बाजारात आले, मात्र नव्या गाड्या मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे तयार होऊ लागल्या.

या शहराकडे आता देशभरातून तरुण मुले येतात. कोणी विद्यापीठात शिकण्यासाठी येतो, तर कोणी इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्रात नोकरीचे पहिले धडे गिरवण्यासाठी. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेली मराठी मुलेही त्यांत असतात. रविवारी चामुंडी टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्याने वर जावे, नंदीपाशी थांबावे, कधी श्रीरंगपट्टणला फेरी मारावी, असे त्यांना वाटले तर नवल नाही. बंगळुरूला दुचाकीने जाणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२३ च्या मार्चमध्ये खुल्या झालेल्या बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून दुचाक्यांना बंदी करण्यात आली. दुचाकीस्वाराने बाजूच्या सेवारस्त्याने जायचे असते. वेगवान मोटारींच्या ओघात दुचाकीस्वार किती असहाय असतो, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली आणि त्यांतील शेकडा ४४.५ दुचाकीवरील होती. विम्याचा विचार या आकड्यांपासून सुरू व्हावयास हवा.

हप्ता वय का विचारीत नाही?

विलायतेत १९३० च्या कायद्याने वाहनाचा विमा सक्तीचा झाला. तेथे विमा कंपनी नव्या स्वाराला आधी त्याचे वय विचारते. परवाना मिळून किती वर्षे झाली, गाडी रात्री कोठे उभी असते, पूर्वी अपघात झाला होता काय, हे सारे तपासून मग हप्ता ठरतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जुन्या गाडीच्या किमतीइतका हप्ता सांगितला जाणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे तेथील मुलगा आपोआपच लहान इंजिनाची गाडी पाहू लागतो. शिवाय कायद्याची शिडीही त्याला पायरीपायरीनेच वर नेते : सतराव्या वर्षी सव्वाशे घनसेंटिमीटरपर्यंतची गाडी, एकोणिसाव्या वर्षी मध्यम शक्तीची, आणि पुरत्या मोठ्या गाडीसाठी बहुधा चोविसावे वर्ष गाठावे लागते.

आपल्याकडील रीत निराळी आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याच्या सक्तीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. सध्याच्या १९८८ च्या कायद्यात ही सक्ती कलम १४६ मध्ये आहे. आपला सक्तीचा विमा वाहनाच्या नावाने निघतो. मालकाच्या संमतीने आणि योग्य परवान्यासह जो कोणी ती गाडी चालवील, त्याच्या हातून दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई त्यातून होते. या भागाचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार जाहीर करते, आणि तो ठरतो इंजिनाच्या आकारावरून. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात दुचाकीचा वार्षिक दर असा होता : ७५ घनसेंटिमीटरपर्यंत ५३८ रुपये, त्यापुढे १५० पर्यंत ७१४ रुपये, १५० ते ३५० पर्यंत १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी तीन किलोवॉटपर्यंत ४५७ रुपये आणि सात किलोवॉटपर्यंत ६०७ रुपये असा दर होता. वस्तू व सेवा कर याहून निराळा.

म्हणजे पंचावन्न वर्षांचे शांत स्वभावाचे शिक्षक आणि काल परवाना मिळालेला त्यांचा मुलगा, दोघांची गाडी एकाच आकाराची असेल तर दोघांना सक्तीचा हप्ता एकच. यात एक मोठी उदारता आहे. अनुभवी माणसे नवशिक्यांचा भार थोडा थोडा उचलतात, आणि गरीब घरातल्या मुलालाही कामावर जाण्यासाठी गाडी घेता येते. परंतु याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विलायतेतील भारी हप्ता तेथील मुलाला जी सूचना देतो, ती आपल्याकडचा हप्ता देत नाही. नवखेपणाची जोखीम हप्त्यात दिसत नाही म्हणून ती नाहीशी झालेली नसते. ती घरात येऊन बसते, आणि तिचा विचार घरालाच करावा लागतो.

एका आकड्याच्या पोटातील तीन भाग

दुकानदाराने दाखवलेल्या त्या आकड्याचे साधारणपणे तीन भाग असतात. ते वेगळे ओळखता आले म्हणजे निम्मे काम झाले.

पहिला भाग त्रयस्थासाठीचा. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरील दुसऱ्या माणसाला इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ही भरपाई. हाच तो कायद्याने सक्तीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागू लागला. २०२२ च्या दरपत्रकात हा पाच वर्षांचा हप्ता ७५ ते १५० घनसेंटिमीटरच्या गाडीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० ला ७,३६५ रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला १५,११७ रुपये असा होता. जावा-येझदीसारखी अडीचशे-तीनशेची गाडी घ्यायची की सव्वाशेची, या प्रश्नाचे विम्यापुरते उत्तर असे साडेतीन हजार रुपयांचे आहे.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा. हा ऐच्छिक आहे. याचे मूळ दर २००२ च्या मोटार दरपत्रकात बांधलेले होते. त्यात पुणे, मुंबई, बंगळुरू यांसारखी आठ शहरे पहिल्या विभागात आणि उरलेला देश दुसऱ्या विभागात धरला होता. म्हैसूर त्या दुसऱ्या विभागात येते. १५० ते ३५० घनसेंटिमीटरच्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला पहिल्या विभागात शेकडा १.७९३ आणि दुसऱ्यात १.७६० असा दर होता. लाख रुपये किमतीच्या गाडीमागे फरक अवघ्या तेहतीस रुपयांचा. २००७ च्या जानेवारीपासून या भागाची किंमत ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली आणि सवलतीची चढाओढ सुरू झाली. म्हणून तुलना करावयाची ती या भागाची, कारण त्रयस्थ विम्याचा दर सगळीकडे सारखाच असतो. २०२२ च्या जुलैत नियामक संस्थेने आणखी एक वाट मोकळी केली : गाडी किती आणि कशी चालवली जाते, हे मोजून या भागाचा हप्ता ठरविण्याची. तेव्हा सावकाश चालवणाऱ्या नवशिक्याला पुढेमागे त्याचे बक्षीस मिळू शकेल.

तिसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. २०१८ पासून त्याची किमान रक्कम पंधरा लाख रुपये करण्यात आली, आणि त्या वेळी नियामकाने त्याचा वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरवला होता. मृत्यू आला किंवा कायमचे पुरते अपंगत्व आले तर पूर्ण रक्कम मिळते, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमावल्यास निम्मी. घरात दुसरी गाडी असून तिच्यावर त्याच मालकाचे हे संरक्षण आधीच असेल, किंवा तितक्या रकमेचा स्वतंत्र अपघात विमा असेल, तर ते पुन्हा घेण्याची जरूर नसते. हे विचारून घ्यावे.

दोन रुपयांच्या मागे काय उभे असते

सव्वाशेच्या गाडीचा त्रयस्थ विम्याचा ३,८५१ रुपयांचा हप्ता पाच वर्षांवर पसरला, तर दिवसाला दोन रुपयांहून किंचित अधिक होतो. त्या दोन रुपयांच्या मागे काय उभे असते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू या.

समजा, नव्या स्वाराची गाडी एका अठ्ठावीस वर्षांच्या कारागिरावर आदळली आणि तो दगावला. त्याची कमाई महिन्याला पंधरा हजार होती. मागे पत्नी, मूल आणि वृद्ध आई आहे. मोटार अपघात न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या रीतीने हिशेब करते. वर्षाची कमाई १,८०,०००. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या बाबतीत पुढील उत्कर्षासाठी शेकडा चाळीस अधिक, म्हणजे २,५२,०००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, म्हणजे १,६८,०००. त्या वयाला सतराने गुणावयाचे असते. उत्तर येते २८,५६,००० रुपये. शिवाय अंत्यविधीसारख्या इतर बाबी आणि व्याज.

विमा चालू असेल तर ही रक्कम कंपनी भरते. विमा संपलेला असेल तर ती चालक आणि मालक यांच्यावर येते, आणि न भरल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यातच आहे. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर मालक कोण, हे सांगावयास नको. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. परंतु खरा धोका त्या दंडात नसून वरील अठ्ठावीस लाखांत आहे. आणि त्या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला एक विधवा, एक मूल आणि एक म्हातारी आई आहे, हेही विसरू नये. आपण भरतो तो हप्ता आपल्यासाठी जितका, तितकाच त्या अनोळखी घरासाठीही असतो.

परवाना नसेल तर?

नवा स्वार हा बहुधा नवा परवानाधारकही असतो, आणि विम्याच्या कागदातील सर्वांत महत्त्वाची अट परवान्याची आहे. सोळा वर्षे पुरी झालेल्यांना पालकांच्या संमतीने फक्त पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतची, गिअर नसलेली गाडी चालवता येते. गिअरच्या मोटारसायकलीला अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. शिकाऊ परवाना असताना गाडीच्या पुढे-मागे 'एल' ही खूण असली पाहिजे, आणि शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. शिकाऊ परवाना हाही विम्याच्या दृष्टीने परवानाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले. पण त्याच्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

त्याच निकालात आणखी एक तत्त्व सांगितले आहे. मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर अपघातग्रस्ताला कंपनीने पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे जखमी माणूस वाऱ्यावर पडत नाही, पण मालकाची सुटकाही होत नाही. नववी-दहावीतल्या मुलाने "फक्त कोपऱ्यापर्यंत" नेलेली गाडीही याला अपवाद नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. कोपऱ्यापर्यंतची ती फेरी फार लांबची ठरते.

गाडी कोणाच्या नावावर घ्यावी?

येथे एक गोष्ट अशी आहे, की जिच्याकडे शंभरातील नव्वद घरांचे लक्ष जात नसावे. आपल्याकडे मुलाची पहिली गाडी वडिलांच्या नावावर घेण्याची पद्धत आहे. कर्ज त्यांच्या नावावर मिळते, पत्ता कायमचा असतो, आणि मुलगा अजून "लहान" असतो. परंतु वर सांगितलेला पंधरा लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा आहे. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याजवळ परवाना आहे, त्याचाच तो. गाडी वडिलांची आणि चालवणारा म्हैसूरला राहणारा मुलगा, अशी स्थिती असेल, तर मुलगा एकटाच घसरून पडल्यास हे संरक्षण त्याला लाभत नाही. त्रयस्थ म्हणूनही त्याला दावा करता येत नाही, कारण मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो. कर्नाटकातील एका प्रकरणात, उसनी घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून चालवणारा दगावला होता. कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला.

यावर उपाय दोन आहेत. मुलगा सज्ञान आणि परवानाधारक असेल, तर गाडी त्याच्याच नावावर घ्यावी. ते शक्य नसेल, तर त्याच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा उतरवावा. त्याचा हप्ता मोठा नसतो. खरे पाहता, नव्या स्वाराच्या विम्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे, आणि दुकानातील घाईत हीच वाचावयाची राहते.

मागे बसलेला मित्र

तरुण मुलाची गाडी क्वचितच एकट्याची असते. मागे मित्र असतो, मैत्रीण असते, परीक्षेला निघालेली बहीण असते. केवळ सक्तीचा विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीची भरपाई कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवले. उलटपक्षी, गाडीच्या नुकसानीसह घेतलेल्या सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसणाऱ्याचाही समावेश होतो, असा खुलासा नियामक संस्थेने २००९ च्या नोव्हेंबरात केला. म्हणून "गाडी जुनी आहे, नुसता सक्तीचा विमा पुरे," असे म्हणताना मागच्या सीटवर कोण बसणार आहे, हेही आठवावे. पॉलिसी घेताना मागे बसणाऱ्याविषयी स्पष्ट प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर दाखवून घ्यावे.

जुनी गाडी आणि बक्षिसाची शिडी

कित्येक मुले पहिली गाडी जुनी घेतात, आणि म्हैसुरात तर जुन्या येझदीचा मोह कोणालाही पडावा. येथे ध्यानात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. त्रयस्थ विम्याचा दर गाडीच्या वयावर नसून इंजिनावर असतो, म्हणून साठीतील जावालाही नव्या तीनशेच्या गाडीइतकाच हप्ता पडतो. गाडी हस्तांतरित झाली की त्रयस्थ विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण त्याने चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावयाचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र असा आपोआप येत नाही. कंपनीने नाव बदलून दिले तरच तो नव्या मालकाचा होतो. विकणाऱ्याने दाखवलेल्या पॉलिसीची मुदत सरकारी परिवहन नोंदीत पडताळून पाहावी. आणि महाराष्ट्रात नोंदलेली गाडी म्हैसूरला नेऊन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तेथे नवी नोंदणी करून घ्यावी लागते. पॉलिसी स्वतः भारतभर चालते, पण पत्ता आणि नोंदणी बदलल्याचे कंपनीला कळवणे इष्ट.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत हा नव्या स्वाराच्या हातात असलेला खरा पैसा होय. एक वर्ष दावा न केल्यास नुकसानीच्या भागावर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० अशी ती चढत जाते. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी बदलली तरी ती बरोबर नेता येते. पण पॉलिसीची मुदत संपून नव्वद दिवस उलटले, की सारी शिडी कोसळते. नवशिक्याच्या गाडीला ओरखडे पडतातच. प्रत्येक ओरखड्याला दावा लावला, तर रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीच्या किमतीतील निम्मा भाग साध्या पॉलिसीत कापला जातो आणि सवलतही जाते. नव्वद हजार किमतीच्या सव्वाशेच्या गाडीला म्हैसूर विभागातील जुन्या दराने नुकसानीचा हप्ता सुमारे १,५०८ रुपये होतो. त्यावर पहिल्या वर्षाची सवलत सुमारे तीनशे रुपये. चारशे रुपयांचा आरसा फुटला तर दावा करावा की स्वतः भरावे, हा हिशेब मुलालाच मांडू द्यावा. गाडीची किल्ली हाती येण्यापूर्वी त्याने केलेला हा पहिला जबाबदार हिशेब ठरेल.

आणखी एक सावधगिरी. नव्या गाडीचा त्रयस्थ विमा पाच वर्षांचा असला, तरी नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. "पाच वर्षांचा विमा आहे," या समाधानात दुसऱ्या वर्षी चोरी झाली आणि हाती काही आले नाही, असे होऊ नये. दोन्ही मुदती घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

किल्ली देण्यापूर्वी

तेव्हा मुलगा किंवा मुलगी गाडी मागेल, त्या दिवशी नकार किंवा होकार देण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा. कागद-पेन्सिल घेऊन सारे घर एकत्र बसा. गाडी कोणाच्या नावावर, परवाना कोणत्या प्रकारचा, इंजिन किती मोठे, चालवणाऱ्याचा अपघात विमा आहे की नाही, मागे बसणाऱ्याचे काय, आणि दोन्ही मुदती केव्हा संपतात, एवढी सहा उत्तरे लिहून काढा. ज्याचे उत्तर सापडणार नाही, ते विमा कंपनीच्या कचेरीत जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पहिली दोन वर्षे सव्वाशेच्या गाडीवर काढावीत, हात बसला म्हणजे मोठीचा विचार करावा, असे आपण सुचवून पाहा. हप्त्याने जी गोष्ट सांगितली नाही, ती घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितली तर मुले बहुधा ऐकतात, निदान ध्यानात तरी ठेवतात. शिरस्त्राण विकत घेताना ते मानक संस्थेच्या खुणेचे आहे ना, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे घेतले ना, हेही त्याच संध्याकाळी पाहावे. विम्याचा कागद अपघातानंतर कामास येतो, शिरस्त्राण अपघाताच्या क्षणी.

मग एके सकाळी गाडी दारात येईल. आई तिला हळदकुंकू लावील, चाकाखाली लिंबू ठेवले जाईल, आणि मुलगा पहिली फेरी मारून येईपर्यंत घरातली सारी माणसे दाराशी उभी राहतील. ती काळजी कोणताही विमा दूर करू शकत नाही, आणि करूही नये. पण कपाटातल्या त्या कागदात काय लिहिले आहे, हे साऱ्यांना ठाऊक असेल, तर दाराशी उभे राहणाऱ्यांच्या मनावरील निदान एक ओझे तरी हलके झालेले असेल.